स्थानिक चित्रकारांचे एकल प्रदर्शन आणि आपण

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांचा निरोप आला तेव्हा भाषणाचा विषय ‘कला आणि समाज’ असा होता. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही उभा जन्म महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकविण्यात घालविला, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुले बसविली, आणि सवड मिळेल तशी स्वतःची चित्रे काढली. म्हणून चिटणीसांच्या परवानगीने विषय लहान करून घेतला आहे. आपल्याच भागातील एखाद्या चित्रकाराने एकट्याचे प्रदर्शन मांडणे, ज्याला पूर्वी सर्रास ‘वन मॅन शो’ म्हणत, ते कशासाठी असते आणि त्यात आपले काय काम असते, एवढ्यापुरतेच आज बोलायचे आहे.

प्रथम एक कबुली. आपल्या समाजात चित्रकार कमी नाहीत. जयंतीचा मंडप असो, कमान असो, मिरवणुकीतील रथ असो, सगळे काही आपल्याच मुलांच्या हातचे. परंतु आपण त्यांच्याकडे मागतो काय? “हा फोटो घे, आठ फुटी करून दे, परवा संध्याकाळपर्यंत हवे.” पैशांचे विचारले तर “समाजाचे काम आहे” असे उत्तर तयार असते. कार्यक्रमाच्या शेवटी शाल आणि पुष्पगुच्छ दिला की आपण मोकळे. “बाबा रे, तू तुझी स्वतःची म्हणून कोणती चित्रे काढतोस?” हा प्रश्न आम्ही स्वतः वीस-वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसांना कधी विचारला नव्हता. आम्ही तर शिक्षक! मग इतरांना काय बोलावे?

समूह प्रदर्शन आणि एकल प्रदर्शन यांत फरक काय, असे विद्यार्थी विचारतात. समूह प्रदर्शनात प्रत्येकाचे एक, फार तर दोन चित्रे लागतात. तेवढ्यावरून हात कसा आहे ते कळते: रेषा पक्की आहे की नाही, रंग जमला की नाही. परंतु एकाच माणसाची तीस-चाळीस चित्रे एका खोलीत ओळीने लावली म्हणजे त्याच्या मनात वर्षानुवर्षे काय घोळत आहे ते दिसू लागते. तो कशाकडे पुन्हा पुन्हा वळतो आणि कशाकडे मुळीच बघत नाही, हेही दिसते. नागपूरचे सवी सावरकर यांचे उदाहरण घ्या. अस्पृश्यता आणि देवदासी या विषयांवर त्यांनी चित्रे काढली, मुद्राचित्रे केली. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस एखाद्या समूह प्रदर्शनात एकटाच टांगलेला दिसला, तर बघणारा ‘सामाजिक विषय’ असे म्हणून पुढच्या निसर्गचित्राकडे वळू शकतो. तीच आकृती एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर येत राहिली तर त्याला पुढे जायला वाट राहत नाही. म्हणून चित्रकाराला आयुष्यात निदान एकदा तरी सगळी खोली हवी असते.

आता ही खोली मिळते कुठे? मुंबईकरांच्या तोंडी पहिले नाव येते जहांगीर आर्ट गॅलरीचे. तिची हकीकत विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे. १९४० च्या दशकात मुंबईत चित्रकार पुष्कळ होते, परंतु त्यांना चित्रे मांडायला हक्काची जागा नव्हती. चित्रकार के. के. हेब्बर, शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा, केकू गांधी अशा मंडळींनी पाठपुरावा केला. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ देणगी दिली, आणि त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या आवारात, जे आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, २१ जानेवारी १९५२ रोजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते या कलादालनाचे उद्घाटन झाले. दुर्गा बाजपेयी हे त्याचे वास्तुरचनाकार. दारावरचा तो पुढे झेपावलेला काँक्रीटचा सज्जा पाहिलात तर इमारत ओळखायला चुकणार नाही.

केकू गांधी यांचा मूळ धंदा फ्रेमचा. चेमोल्ड हे नाव आज मोठ्या गॅलरीचे म्हणून घेतले जाते, परंतु सुरुवात झाली ती १९४१ साली फ्रेमच्या पट्ट्या करण्यापासून. दुकानात ते नव्या चित्रकारांची चित्रे मांडीत. त्यांत आरा होते, हुसेन होते. म्हणजे पुढे ज्यांची नावे झाली त्यांची चित्रे लोकांनी आधी एका फ्रेमवाल्याच्या दुकानात पाहिली. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ‘आपल्याकडे गॅलरी नाही’ अशी तक्रार करणाऱ्या मुलांना दुकान दिसत नाही.

कृष्णाजी हौळाजी आरा यांच्याविषयी मात्र थोडे सविस्तर बोलू. आमच्या वर्गात दर वर्षी ही गोष्ट होत असे आणि मागच्या बाकावरची मुलेही ती ऐकत असत. आरा यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. आई लहानपणीच गेली. वडील मोटारचालक. पोर घरातून पळून मुंबईला आले ते कळत्या वयाच्याही आधी. इथे त्यांनी घरगडी म्हणून राबून दिवस काढले, पुढे मोटारी धुण्या-पुसण्याचे काम केले. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला. काम आटोपले की कोपऱ्यात बसून चित्रे काढायची. ती चित्रे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांच्या नजरेस पडली, टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांचेही प्रोत्साहन मिळाले, आणि १९४२ साली आरांचे पहिले एकल प्रदर्शन मुंबईत झाले. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला तेव्हा सूझा, रझा, हुसेन यांच्या जोडीने संस्थापकांत आरा होते.

इथवर गोष्ट सगळेच सांगतात. आम्हाला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. नाव झाल्यावर आरा आपली चित्रे काढीत स्वस्थ बसले नाहीत. काळा घोड्याजवळ रॅम्पार्ट रोवर आर्टिस्ट्स सेंटर म्हणून जागा आहे, तिच्या उभारणीत आणि कारभारात ते होते. वर्षानुवर्षे तिचे चिटणीस होते. होतकरू चित्रकाराला प्रदर्शनासाठी जागा मिळावी म्हणून खटपट करीत राहिले. १९८५ साली ते गेले. ज्या माणसाला कुणी तरी भिंत दिली, त्याने पुढे इतरांना भिंत दिली. फुलदाण्या आणि फुले रंगविणारा चित्रकार म्हणून त्यांची ओळख पुस्तकांत आहे. आमच्या मते चिटणीस आरा हे चित्रकार आरांपेक्षा तसूभरही कमी नव्हते, आणि हे आम्ही या संस्थेच्या चिटणीसांसमोर बोलत आहोत ते उगाच नव्हे.

एकल प्रदर्शन म्हणजे केवळ कौतुकाचा सोहळा असतो असेही कुणी समजू नये. नाव एकट्याचे असते, तसा दोषही एकट्याच्याच माथी येतो. १९५४ साली अकबर पदमसी यांचे प्रदर्शन जहांगीरमध्ये लागले होते. त्यांतील स्त्री-पुरुषांच्या चित्रांवर अश्लीलतेचा आरोप येऊन खटला झाला. चित्रकार ऐन पंचविशीतला. त्याने चित्रे मुकाट्याने उतरविली नाहीत. कोर्टात उभा राहिला आणि निर्दोष सुटला.

जहांगीरची पद्धत अशी की दालन आठवड्याच्या भाड्याने मिळते. मंगळवारी प्रदर्शन सुरू होते आणि पुढच्या सोमवारी संपते. अर्ज करावा लागतो, कामाचे नमुने द्यावे लागतात, निवड झाली तरी पाळी येईपर्यंत काही वर्षे थांबावे लागते. नोकरीत असताना अर्ज केला आणि निवृत्तीनंतर भिंत मिळाली असे सांगणारे चित्रकार आम्हाला भेटले आहेत. शिवाय खर्च केवळ भाड्याचा नसतो. फ्रेमवाल्याचे बिल रंगांच्या बिलाहून मोठे होते. निमंत्रणपत्रिका, टेम्पो, हमाली, आणि सात दिवसांची बिनपगारी रजा, ती वेगळीच. गरीब घरातील मुलगा इथेच मागे फिरतो. त्याच्या चित्रांत काही कमी असते म्हणून नव्हे.

मुंबईबाहेरही जागा आहेत. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडले तेव्हापासून नाटकाच्या प्रेक्षागृहाबरोबर कलादालनही आहे. तिसरी घंटा होईपर्यंत चित्रे पाहणारे पुणेकर आम्ही पाहिले आहेत. कोल्हापुरात दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाचे दालन आहे. ठाण्यात महापालिकेचे कलाभवन आहे. आणि जहांगीरच्याच बाहेर फुटपाथवर आपली चित्रे मांडून बसणारे चित्रकार आहेत, तेही काही कमी प्रतीचे नाहीत; आत तीन भिंती जास्त आहेत एवढेच.

मित्रहो, एक गोष्ट आमच्या मनाला कायम लागून राहिलेली आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. फोर्टातील आनंद भवनापासून जहांगीरपर्यंत चालत पंधरा मिनिटांचा रस्ता. आमच्या पिढीची किती तरी मुले त्या कॉलेजात शिकली, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तके चाळीत हिंडली, आणि त्या पंधरा मिनिटांच्या रस्त्याने गेली नाहीत. प्रवेश फुकट होता, आजही फुकट आहे. दारावर कुणी अडवीत नव्हते. आम्ही स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा सज्ज्याखाली पंधरा-वीस मिनिटे घुटमळलो. आत चपलांचा आवाज होईल, कुणी इंग्रजीत काही विचारील, अशी धास्ती होती. शेवटी पाऊस आला म्हणून आत शिरलो! आतल्या समोवार उपाहारगृहात चहा प्यायला तर आणखी तीन वर्षे लागली. ते उपाहारगृह २०१५ साली बंद झाले, त्यामुळे तुम्हाला ती धास्ती उरलेली नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. या वसाहतीत बोर्ड रंगविणारे एक पेंटर आहेत. ते समोरच बसले आहेत, नाव घेतले तर उठून जातील, म्हणून पेंटरमामाच म्हणतो. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे नंबर, जयंतीचे कापडी फलक, सगळे मामांचे. २००० नंतर फ्लेक्स आला आणि बघता बघता हे काम गेले. मामा घरे रंगवू लागले. त्यांच्याकडे स्वतःची चित्रे आहेत हे आम्हाला कळले ते त्यांच्या खोलीचा पोटमाळा गळू लागला तेव्हा. हार्डबोर्डाचे तुकडे आणि जुन्या कॅलेंडरांचे पाठकोरे कागद खाली उतरविले. त्यांवर उरल्यासुरल्या ऑइलपेंटने काढलेली एक्केचाळीस चित्रे होती. “प्रदर्शन करू,” म्हटले तर मामा म्हणाले, “सर, माझं कोण बघणार? आणि बघून त्यांना काय मिळणार?” तीन महिने समजूत घालावी लागली. शेवटी याच सभागृहात चार दिवसांचे प्रदर्शन ठरले.

यात आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या सांगणे आवश्यक आहे. पहिली चूक उद्घाटनाची. सहा वक्ते बोलले, सव्वा तास गेला, मामांना बोलायला वेळ उरला नाही. भाषणे संपली तेव्हा लोक उठून चहाकडे गेले आणि चहाकडून घरी गेले. दुसरी चूक अशी की चित्रे आम्ही महापुरुषांच्या तसबिरींप्रमाणे उंच लावली. भिंतीवर आधीचे खिळे होते ना! माना वर करून चित्रे कोण बघणार? वास्तविक चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर यावा, हे आम्ही मुलांना शिकवीत आलो होतो. शिवाय ऑइलपेंटला चकाकी फार. ट्यूबलाइट समोर असल्यामुळे अर्ध्या चित्रांत ट्यूबच दिसत होती. त्या रात्री दोन विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा सगळे उतरविले, खिळे खाली मारले, समोरच्या ट्यूब काढून बाजूला लावल्या. खुर्च्या बाहेर काढल्या. प्रत्येक चित्राखाली नाव, माध्यम, माप आणि किंमत लिहिलेली चिठ्ठी लावली. किमतीला मामांचा सक्त विरोध होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा माणसे आली. मग एक बाई दारातूनच डोकावल्या. “आधार कार्डाचं काम हाय का?” सभागृहात एक तर लसीकरण असते नाही तर आधारचे शिबिर, त्यांचे काही चुकले नाही. नाही म्हटल्यावर त्या वळणार, तोच दाराजवळच्या चित्रावर त्यांची नजर गेली. पहाटेचा सार्वजनिक नळ, हंड्यांची रांग, पाठमोऱ्या बाया. त्या आत आल्या, चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि बोटाने हंडे मोजू लागल्या. “ह्यो पोचा आलेला हंडा आमच्या जाऊबाईचा. नळ तर कवाच गेला की हो!” संध्याकाळी त्या गल्लीतल्या आठ-नऊ जणींना घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती आणि नळ कोणत्या साली काढला यावरून दोन म्हाताऱ्यांचे भांडण झाले.

ते चित्र बायकांना हवे होते. मामा म्हणाले, “न्या की, पैसे कसले?” इथे आम्ही मध्ये पडलो आणि किंमत सोडू दिली नाही. चिठ्ठीवर पंधराशे रुपये लिहिले होते. पंधरा जणींनी शंभर-शंभर रुपये काढले. विकलेल्या चित्रावर लाल ठिपका चिकटवायची पद्धत आहे. ठिपके आणायचे आम्ही विसरलो होतो, तेव्हा एकीने पर्समधून टिकल्यांचे पाकीट काढले. ते चित्र आता महिन्या-महिन्याने एकेकीच्या घरी फिरते असे ऐकतो.

आम्हाला मात्र या प्रदर्शनातून वेगळेच मिळाले. शेवटच्या दिवशी उतरविण्याआधी सगळ्या भिंतींवरून एकदा सावकाश फिरलो तेव्हा ध्यानात आले की एक्केचाळीस चित्रांत माणसे शेकड्यांनी आहेत आणि चेहरा एकही नाही. सगळी पाठमोरी, नाही तर वाकलेली, नाही तर अंधारात. ज्या माणसाने आयुष्यभर चेहरे रंगविले, ज्याने काढलेला बाबासाहेबांचा चेहरा दरवर्षी आपल्या कमानीवर होता, त्याच्या स्वतःच्या चित्रांत चेहरा नाही! एखाद-दुसरे चित्र पाहून हे कधीच कळले नसते. आम्ही विचारले. मामा ब्रश पुसत होते. म्हणाले, “चेहऱ्याचे पैसे मिळायचे, सर.” थोड्या वेळाने म्हणाले, “पाठ कोण काढून घेतं?”

या उत्तराचा अर्थ आम्ही अजून लावीत आहोत. आमचा अर्थ तुमच्यावर लादीत नाही.

अभिप्रायाच्या वहीत बहुतेकांनी ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असे लिहिले. चौथीतल्या एका मुलाने लिहिले: “बैल चांगला आहे पण पाय तीनच आहेत.” मामांनी पाहिले, खरोखरच तीन होते. ते चित्र त्यांनी दुरुस्त केलेले नाही, परंतु वहीचे ते पान फाडून घरी नेले.

पदाधिकाऱ्यांपुढे आमची मागणी छोटी आहे. सभागृहाची पूर्वेकडची भिंत मोकळी ठेवावी, तिच्यावर एक सरळ लाकडी पट्टी ठोकून घ्यावी म्हणजे दर वेळी खिळे मारावे लागणार नाहीत, आणि वर्षातून दोन आठवडे सभागृह स्थानिक चित्रकाराला भाड्याविना द्यावे. फ्रेमचा खर्च निधीतून आगाऊ द्यावा, विक्री झाली तर परत घ्यावा, न झाली तर सोडून द्यावा. निवड करणाऱ्या समितीत आम्हाला घेऊ नये. आमचे विद्यार्थी अर्ज करतील आणि आमचा हात सैल पडेल. मुलींचे अर्ज आले नाहीत तर त्यांच्या घरी जाऊन विचारावे, कारण पोटमाळे त्यांच्याही घरांत आहेत. उद्घाटनाला एकच वक्ता असावा, आणि तो चित्रकारच असावा.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना करून थांबतो. येत्या रविवारी सकाळी साडेनऊला स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी जमायचे आहे. व्ही.टी.ला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरून डी. एन. रोडने चालत जाऊ. वाटेत आनंद भवन दाखवू. पुढे चौकात २०१७ साली बसविलेला बिनस्वाराचा काळा घोडा दिसला की आपण पोचलो. जहांगीर अकराला उघडते. डबा आणि पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. चपलांचा आवाज झाला तर होऊ द्यावा. पेंटरमामाही येणार आहेत, त्यांनी आजपर्यंत ती इमारत फक्त बाहेरून पाहिली आहे. बाहेरच्या रेलिंगला त्यांनी एकदा रंग दिला होता.